फुंकणी आधीच सांगत होती

नोव्हेंबर लागला की आमच्या बाह्यरुग्ण विभागातला आवाज बदलतो. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात, रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या सुरू झालेल्या असतात, पहाटे गारठा असतो, आणि सकाळी नऊला केसपेपरच्या खिडकीपाशी खोकल्याची रांग लागते. काय होतंय विचारले की उत्तर ठरलेले असते, "दमा हाय, साहेब." कधीपासून? "लई वर्षं झाली." दमा आहे हे कोणी सांगितले? या प्रश्नावर मात्र बहुतेक जण गप्प होतात. कोणी तपासून सांगितलेले नसते. धाप लागते म्हणजे दमा, एवढेच.

गेल्या हिवाळ्यात शेवगावकडच्या एक मावशी आल्या. साठी ओलांडलेली, वजन अडतीस किलो. खुर्चीच्या हातांवर दोन्ही कोपरे रोवून पुढे वाकून बसलेल्या. ही बसण्याची तऱ्हा पाहिली की छातीला नळी लावण्याआधीच आम्हाला अर्धे निदान कळते. सोबत मुलगा आणि मुलाच्या हातात कापडी पिशवी. पिशवीत सहा वर्षांचे कागद. चार-पाच दवाखान्यांचे, पण सगळ्यांवर शब्द एकच, दमा. सलाइन, इंजेक्शन, वाफ, पाच दिवसांच्या गोळ्या, घरी. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. बिडी ओढता का? "नाय बा, मिसरीसुद्धा नाय लावली कधी." मग सवयीप्रमाणे मी चुलीचे विचारले. मावशी म्हणाल्या, "चूल सुनंकडं गेली. मला फुंकणी फुंकता येईना झाली, तवाच." किती वर्षे झाली? मुलाने बोटे मोजली. "आठ."

म्हणजे दवाखान्याच्या पहिल्या चिठ्ठीच्या दोन वर्षे आधी फुंकणीने सांगून टाकले होते. ऐकायला कोणी नव्हते, इतकेच.

मावशींना दमा नव्हता. त्यांना होता सीओपीडी. पुस्तकी मराठीत याला दीर्घकालीन अवरोधक फुप्फुसविकार म्हणतात, पण हे नाव उच्चारेपर्यंत रुग्णाला पुन्हा धाप लागेल, म्हणून आम्ही सारेच सीओपीडी म्हणतो. दमा आणि सीओपीडी या दोन्हींत श्वासनळ्या अरुंद होतात, दोन्हींत छातीतून सूं-सूं आवाज येतो, आणि दोन्हींत हिवाळा वाईट जातो. फरक मुळात आहे. दमा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, येतो आणि जातो. मधल्या काळात माणूस अगदी धडधाकट असतो, आणि औषध ओढले की नळ्या बऱ्याच अंशी मोकळ्या होतात. सीओपीडी चाळिशीनंतर पाऊल टाकतो आणि मग परत जात नाही. वर्षानुवर्षे धूर आत गेल्याने बारीक श्वासनळ्यांना कायमची सूज येते, त्या जाड होतात, बेडका साठतो, आणि नळ्यांच्या टोकाशी असलेले हवेचे इवले फुगे, ज्यांची संख्या कोट्यवधींत असते, फाटून एकमेकांत मिसळतात. रबर सैल पडलेल्या फुग्यासारखे फुप्फुस होते. हवा आत जाते, बाहेर येत नाही. लोकांना वाटते धाप म्हणजे श्वास आत घेता येत नाही. खरे तर आधीचा श्वास बाहेर पडलेला नसतो, म्हणून नवा आत मावत नाही.

आणि बाहेर टाकण्याचा जोर गेला की पहिली काय हरते? फुंकणी.

हे मोजता येते. लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली पाण्यावर तरंगणाऱ्या उलट्या भांड्याचे एक यंत्र केले आणि हजारो लोकांना त्यात फुंकायला लावले. खलाशी, पोलीस, पहिलवान. माणूस एका दमात किती हवा बाहेर टाकू शकतो याचा पहिला पद्धतशीर हिशेब त्यांनी मांडला. त्या यंत्राला स्पायरोमीटर म्हणतात. आजचे यंत्र तळहाताएवढेही मिळते. पोटभर श्वास घ्यायचा, जोरात फुंकायचे आणि शेवटपर्यंत फुंकत राहायचे. निरोगी माणूस पहिल्या एका सेकंदात एकूण हवेच्या सत्तर-ऐंशी टक्के हवा बाहेर फेकतो. श्वासनळ्या मोकळ्या करणारे औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावले तरी हे प्रमाण सत्तर टक्क्यांखाली राहिले, आणि लक्षणे व धुराचा इतिहास जुळला, तर तो सीओपीडी. मावशींचे प्रमाण होते पंचेचाळीस.

आता एक कबुली. पंचवीस वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी नव्याने नोकरीला लागलो, तेव्हा मीही हेच करत होतो. रात्री दोनला धापा टाकणारी बाई बैलगाडीतून किंवा जीपमधून यायची. मी 'डेरी-डेक्सा' द्यायचो, वाफ द्यायचो, पहाटे तिला बरे वाटायचे, नातेवाईक हात जोडायचे, आणि मला वाटायचे आपण उपचार केला. तिच्या श्वासाचे माप मी कधी घेतले नाही. यंत्र नव्हते हे खरे, पण मागितलेही नव्हते. बीपीचे यंत्र बिघडले असते तर दुसऱ्या दिवशी मागणीपत्र गेले असते.

आपल्याकडे हा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा अशी समजूत वैद्यकीय पुस्तकांतूनच आली, कारण पुस्तके युरोप-अमेरिकेत लिहिली गेली. ती समजूत हलवण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले की जगातल्या सीओपीडी रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नाही. तंबाखू ओढणारे जगात शंभर कोटींच्या आसपास, आणि लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांच्या धुरात राहणारे सुमारे तीनशे कोटी. मग भारतातील राज्यनिहाय आजारांच्या अभ्यासाचे आकडे २०१८ मध्ये आले. देशात १९९० साली २.८१ कोटी असलेले सीओपीडीचे रुग्ण २०१६ पर्यंत ५.५३ कोटी झाले होते. या आजाराच्या भारापैकी ५३.७ टक्के वाटा घरातल्या-बाहेरच्या प्रदूषित हवेचा आणि २५.४ टक्के तंबाखूचा. कामाच्या ठिकाणची धूळ-धूर वेगळी, १६.५ टक्के. आपल्याकडे बिडीपेक्षा हवा मोठी गुन्हेगार आहे. म्हणून बिडी निर्दोष ठरत नाही, तिच्याकडे येतोच.

आपला जिल्हा या बाबतीत जणू प्रदर्शनच आहे. क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, आणि धुराच्या जातीही तितक्याच. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्याचे तीन-चार महिने चूल घरात, दारे-खिडक्या बंद, सरपण ओले. ओल्या सरपणाइतका वाईट धूर दुसरा नाही. पूर्वेकडे शेवगाव-पाथर्डीत पऱ्हाट्या आणि तुरकाठ्या जळतात, त्या भुरुभुरु पेटतात आणि सारख्या फुंकाव्या लागतात. प्रवरा-गोदावरीच्या काठी ऊस. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, तेव्हापासून या भागाचे वर्ष गळीत हंगामावर मोजले जाते. तोडणी झाली की फडात पाचट उरते आणि खोडवा लवकर फुटावा म्हणून अनेक ठिकाणी काडी लावली जाते. राहुरीचे कृषी विद्यापीठ पाचट सरीत कुजवायला सांगत आले आहे. जमिनीचा कस वाढतो, पाणी कमी लागते. शेतकऱ्याला ते पटते. मजुरी आणि वेळ पटत नाही. धुराचा लोट मात्र बांध ओळखत नाही. पाचट पेटवल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच शिवारातले जुने रुग्ण आमच्याकडे येतात. आकडेवारी म्हणून हे सांगत नाही, ओपीडीत बसून जे दिसते ते सांगतो.

ऊसतोड कामगारांचे तर दुहेरी आहे. पहाटे चारला कोपीपुढे चूल, दिवसभर फडातली कुसळे-धूळ, संध्याकाळी पुन्हा चूल. कोपी म्हणजे पाचटाची नाहीतर ताडपत्रीची खोप, एका माणसाला वाकून जावे लागेल अशी. थंडीत चूल आत घेतात. त्या बाईच्या फुप्फुसाचा हिशेब सिगारेटच्या पाकिटांत होत नाही. आम्ही तो तासांत करतो, रोजचे चुलीपुढचे तास गुणिले वर्षे. शेवगावच्या मावशींचा गुणाकार झाला एकशे साठ. रोज चार तास, चाळीस वर्षे.

गॅस आला ना मग? आला. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि तिने ग्रामीण स्वयंपाकघर बदलले, हे मी राजकारण बाजूला ठेवून म्हणतो, कारण फरक मला दिसतो. चहा गॅसवर, भाजी गॅसवर. पण मी 'घरी गॅस आहे का' असे आता विचारत नाही, 'भाकरी कशावर करता आणि आंघोळीचे पाणी कशावर तापते' असे विचारतो. तेव्हा खरे उत्तर येते. भाकरी चुलीवर, पाणी चुलीवर, गुरांचे शिजवायचे ते चुलीवर. टाकी पुरवायची असते. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत पात्र घरांना २०२४ पासून वर्षाला तीन टाक्या मोफत मिळू लागल्या. पाच-सहा माणसांच्या घरात सगळा स्वयंपाक गॅसवर केला तर टाकी महिना-सव्वा महिन्यापलीकडे जात नाही. उरलेल्या महिन्यांचे काय, हा प्रश्न त्या घरातल्या बाईला पडतो आणि तिच्यापुढे सरपण आयते पडलेले असते. धुराच्या बाबतीत अर्धे काम केल्याने अर्धा फायदा होईलच असे नाही. थोडा धूरही बंद खोलीत बराच असतो. म्हणून मी आता सांगतो, गॅस परवडत नसेल तेव्हा निदान पाण्याची चूल अंगणात न्या, आणि लहान मूल किंवा खोकणारे माणूस तिच्याजवळ बसू देऊ नका. डासांच्या कॉइलचेही तसेच. एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडल्याचे आढळले होते. दार लावून, उशाशी कॉइल लावून झोपण्यापेक्षा मच्छरदाणी केव्हाही बरी.

आता बिडी. नगर शहरात आणि संगमनेरात बिडी हा कितीतरी घरांचा घास आहे. पद्मशाली समाजातल्या बायकांच्या पिढ्या सूप मांडीवर घेऊन बसल्या आहेत. तयार बिडी ओढणाऱ्यालाच आजार देते असे नाही, वळणाऱ्या बाईच्या नाकात दिवसभर तंबाखूची धूळ जाते. सिगारेटपेक्षा बिडीत तंबाखू कमी असतो, म्हणून ती सौम्य असा एक गैरसमज आहे. टेंभुर्णीचे पान हवा झिरपू देत नाही आणि बिडी विझत राहते, त्यामुळे ओढणारा जास्त वेळा आणि जास्त खोल झुरका घेतो. परिणामी निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटहून कमी जात नाही, उलट जास्तच जाते. अशात जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये बिडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के करण्याचा निर्णय घेतला. सिगारेट मात्र ४० टक्क्यांच्या गटात. कारण दिले जाते ते रोजगाराचे, आणि मी त्याची थट्टा करणार नाही; ज्या घराची चूल बिडीवर पेटते त्या घराला डॉक्टरने शहाणपण शिकवू नये. पण गरिबाचा धूर स्वस्त ठेवून गरिबाचा रोजगार टिकवायचा आणि नंतर त्याच गरिबाला सरकारी खाटेवर ऑक्सिजन लावायचा, हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो. बिडी कामगार बायकांना दुसरे काम देण्यावर हा पैसा लागला असता तर बरे झाले असते.

तिसरे कारण आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, ते म्हणजे बरा झालेला क्षयरोग. सहा महिन्यांची औषधे पूर्ण झाली, थुंकी निगेटिव्ह आली, फाइल बंद झाली. पण फुप्फुसात व्रण राहिला, श्वासनळ्या वेड्यावाकड्या झाल्या. असा माणूस दहा वर्षांनी धापा टाकत येतो आणि त्याला पुन्हा टीबीची औषधे सुरू होतात, असे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. टीबी होऊन गेलेल्या माणसाला धाप लागत असेल तर थुंकी तपासाच, पण त्याबरोबर फुंकायलाही लावा.

हे सगळे माहीत असताना अडते कुठे? मला वाटते, मोजण्यावर. सीओपीडीने २०२१ मध्ये जगात सुमारे ३५ लाख माणसे गेली. मृत्यूच्या कारणांत त्याचा नंबर चौथा. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे २०२३ मध्ये नाव आणि आवाका दोन्ही बदलले, तेव्हा दमा आणि सीओपीडी त्यात आले. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने फुप्फुसांच्या आरोग्यावर स्वतंत्र ठराव मंजूर केला. कागदावर कमी नाही. आणखी एक गंमत सांगतो. तिशीवरील माणसांसाठी आशाताई घरोघरी जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात स्वयंपाकाचे इंधन कोणते, हा प्रश्न आहे. लाकूड, पिकांचे अवशेष, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल, गॅस असे पर्याय दिले आहेत. काम करताना पाचट-कचरा जाळता का, वीटभट्टीवर जाता का, हेही आहे. धाप लागते का, हेही आहे. ज्याने हा फॉर्म केला त्याला आपले गाव माहीत होते!

पण पुढे? रक्तदाब विचारला की लगेच पट्टा बांधला जातो, साखर विचारली की बोटाला टोचले जाते. गोवऱ्यांपुढे टिक पडली की तिथे हिशेब संपतो. फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये देशभर तिशीवरील प्रत्येकाच्या तपासणीची मोठी मोहीम झाली. रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग. उत्तम मोहीम होती, त्यातून आमच्याकडे नवे रुग्ण आले आणि वेळेवर आले. श्वास त्या यादीत नव्हता. जिथे स्पायरोमीटर आहेत तिथेही ते चालवणारा शिकलेला माणूस लागतो, तोंडात धरायचे पुठ्ठ्याचे नळकांडे लागते, आणि बदली झाली की यंत्र कपाटात जाते. अकोल्याच्या डोंगरातल्या बाईने फुंकण्यासाठी शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास करून नगरला यायचे, हे होणे नाही.

माझे म्हणणे फार मोठे नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात काही शे रुपयांना मिळणारे पीक फ्लो मीटर असावे. ते निदान करत नाही, पण कोणाला पुढे पाठवायचे ते सांगते. महिन्यातून एक दिवस ग्रामीण रुग्णालयात स्पायरोमेट्री ठरलेली असावी, जशी डोळ्यांची तपासणी ठरलेली असते. आणि यातले काहीच नसेल तेव्हा आमच्या जुन्या शिक्षकांनी शिकवलेली युक्ती आहे. रुग्णाला पोटभर श्वास घेऊन जोरात सोडायला सांगा, नळी गळ्याच्या खळग्यावर ठेवा आणि घड्याळ पाहा. निरोगी माणसाचा आवाज चार-पाच सेकंदांत थांबतो. सहाच्या पुढे वाजत राहिला तर नळ्या अडलेल्या असण्याचा संभव मोठा. घड्याळ सगळ्यांकडे असते.

निदान झाल्यावर दुसरी अडचण घरातून येते. पंपाची सवय लागते, पंप शेवटचा उपाय, एकदा पंप लागला की माणूस संपला. पंप म्हणजे इन्हेलर. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची. पंपाचे दोन पफ मिळून ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे गोळीचा विसावा हिस्सा, आणि तोही थेट दुखऱ्या जागी. हातपाय थरथरणे, छाती धडधडणे गोळीने जास्त होते. कमी औषधाला लोक घाबरतात आणि जास्त औषध निमूट गिळतात. गिळण्यावरून आठवले, एका बाबांनी दोन महिने रोटाकॅप्सूल पाण्याबरोबर गिळल्या होत्या. 'सकाळ-संध्याकाळ एक' एवढेच चिठ्ठीवर होते, यंत्रात घालून ओढायची हे सांगायचे राहून गेले होते. दोष बाबांचा नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येकाला समोर ओढायला लावतो आणि पुढच्या भेटीत पुन्हा लावतो. पंप आणि श्वास यांचा मेळ जमत नसेल तर मध्ये स्पेसर हवा. दक्षिण आफ्रिकेत १९९९ मध्ये दम्याच्या झटक्यातल्या मुलांवर दाखवून दिले आहे की अर्धा लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून केलेला स्पेसर विकतच्याइतकेच काम करतो. भोकाची फट मात्र नीट बंद करायची.

कोजागिरीच्या रात्री दम्याचे औषध घ्यायला लोक जातात, जूनमध्ये हैदराबादला माशातले औषध घ्यायला जातात. श्रद्धेशी माझे भांडण नाही. भांडण दोन गोष्टींशी आहे. एक, तिथून आल्यावर पंप बंद केला जातो. दुसरी, बाजारात मिळणाऱ्या नावगाव नसलेल्या पुड्या. पुडी घेतल्यावर एका दिवसात चमत्कार वाटत असेल तर तीत स्टेरॉइड असल्याचा संशय घ्यावा. आम्हीही स्टेरॉइड देतो, पण झटक्याच्या वेळी, साधारण पाच दिवस. वर्षभर पुडी खाल्लेल्या माणसाची साखर वाढलेली, हाडे ठिसूळ, दंडाच्या मांसाची लक्तरे झालेली असतात. आणि पुडी एकदम सोडणेही धोक्याचे, म्हणून ती घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. मी ओरडत नाही.

कोविडने घरोघरी बोटाचा ऑक्सिमीटर आणि काही घरांत ऑक्सिजनचे यंत्र ठेवले. त्यातून नवी चूक जन्मली. आजोबांचा आकडा नव्वद दिसतो, घरचे घाबरतात, यंत्र पूर्ण सोडतात, आकडा नव्व्याण्णव होतो, सगळे निश्चिंत होतात. दोन तासांनी आजोबा गाढ झोपतात आणि उठत नाहीत. जुन्या सीओपीडीत शरीरात कार्बन डायऑक्साइड साठण्याची प्रवृत्ती असते, आणि गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनने ती वाढते. म्हणून या रुग्णांत आमचे लक्ष्यच ८८ ते ९२ असते. डॉक्टरांनी एक लिटर सांगितला असेल तर एकच. दुसरीकडे, शांत बसल्या जागी आकडा कायम ८८ किंवा त्याखाली राहतो अशा रुग्णाला रोज किमान पंधरा तास ऑक्सिजन दिला तर आयुष्य वाढते, हे १९८०-८१ पासून सिद्ध आहे. त्यांना तो दमल्यावर पाच मिनिटे देऊन उपयोग नाही. आणि ज्या खोलीत ऑक्सिजन चालू आहे तिथे चूल, बिडी, देवापुढचा दिवा, काहीही पेटते नको.

झटका ओळखायला शिका. बेडका वाढला, पिवळा-हिरवा झाला, नेहमीची धाप एका-दोन दिवसांत वाढली, तर त्याच दिवशी दाखवा. वाक्य पुरे बोलता येत नाही, ओठ निळसर पडलेत, किंवा रुग्ण गुंगल्यासारखा झालाय, तर रात्र काढू नका. १०८ ला फोन करा. प्रत्येक झटक्यानंतर फुप्फुस आधीच्या पायरीवर परत चढतेच असे नाही. म्हणून हिवाळ्याआधी फ्लूची लस, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्युमोकोकलची.

बाकी उपचार साधा आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही. रोज चालायचे, धाप लागेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. श्वास सोडताना शीळ घालतो तसे ओठ करून हळूहळू सोडायचा, घेतला त्याच्या दुप्पट वेळ घेऊन. एकदम पोटभर जेवण्याऐवजी चार वेळा थोडे खायचे, त्यात डाळ-अंडे-दूध असावे, कारण या रुग्णांचे मांस झडते. बिडी सोडायला सत्तरीतही उशीर झालेला नसतो. गेलेले परत येत नाही, पण पुढची घसरण मंदावते.

शेवगावच्या मावशी जूनमध्ये पुन्हा आल्या. वजन एक्केचाळीस. रोजचा पंप चालू, हिवाळ्यानंतर इंजेक्शनची वेळ आली नव्हती, आणि वेशीतल्या मारुतीपर्यंत एकदा थांबून जाता येत होते. पाण्याची चूल अंगणात लिंबाखाली गेली होती. भाकरीची अजून आतच आहे, असे मुलाने खाली बघत सांगितले. या वेळी सूनही आली होती, सासूला धरून. मी तिलाही यंत्रात फुंकायला लावले. "मला काय झालंय?" असे म्हणत ती पदर तोंडाला लावून हसली आणि मग फुंकली. वय चौतीस. आठ वर्षे सासूची चूल, त्याआधी माहेरची. आकडा तिच्या वयाला नॉर्मल म्हणावा इतका होता, पण अगदी खालच्या काठावरचा. तिच्या नावाने नवा केसपेपर काढला, तो कागद त्याला जोडला, आणि पुढच्या जूनची तारीख घातली.